भिंतीची डावी बाजू

उन्मेष गुप्तेला पंचाहत्तर वर्षं पूर्ण होणार म्हणून बदलापुरात त्याचा सत्कार ठरला, आणि त्या सत्कारात पाच मिनिटं बोलायला हेमचंद्र कर्णिकला बोलावलं. बोलावलं तेही खुद्द उन्मेषनेच. फोन करून म्हणाला, "हेमू, बाकीचे सगळे माझ्याबद्दल खोटं बोलणार आहेत. तू तरी खरं बोल." आणि स्वतःच्याच विनोदावर तो मोठ्याने हसला. हेमचंद्रही हसला. फोन ठेवल्यावर मात्र तो बराच वेळ गॅलरीतल्या खुर्चीत बसून राहिला, आणि बायकोने, मालिनीने, काय झालं म्हणून विचारलं तेव्हा छातीत जळजळतंय एवढंच बोलला. तिने थंड दूध आणून दिलं, ते तो प्यायला. जळजळ दुधाने जाणारी नव्हती. ती बावीस वर्षांची होती.

हेमचंद्र आणि उन्मेष अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत एकाच कंपनीत होते. कंपनी बांधकामाला लागणारी रसायनं बनवायची. बोगद्याच्या छताला किंवा तासलेल्या डोंगराच्या अंगाला काँक्रीट थापता येत नाही. ते जाड नळीतून हवेच्या जोराने मारावं लागतं. मारलेलं काँक्रीट ओघळून खाली येऊ नये म्हणून नळीच्या तोंडाशी त्यात एक रसायन सोडतात. ते मिसळलं की काँक्रीट भिंतीला लागतं न लागतं तोच घट्ट होतं. हे काम करणारी माणसं त्या रसायनाला औषधच म्हणतात, आणि औषधासारखाच त्याचाही उलटा परिणाम असतो. जे काँक्रीट घाईने घट्ट होतं ते आतून पुष्कळदा कच्चं राहतं. पाणी पितं, त्यातला चुना झिरपून जातो, पांढरे ओघळ येतात आणि दहा-पंधरा वर्षांनी ते नखाने खरवडलं तरी निघतं.

उन्मेषने बनवलेलं औषध जलद होतं. सोड्याच्या जातीचं, तिखट. हातावर उडालं तर कातडी सोलून काढायचं. हेमचंद्रने चार वर्षं खपून दुसरं बनवलं होतं, सी-अकरा नावाचं. अकरा, कारण आधीचे दहा त्याने स्वतःच नापास केले होते. सी-अकरा हाताला चावत नसे. त्याच्या हिशेबाने ते काँक्रीटला आतून कमजोरही करणार नव्हतं. फक्त ते थोडं सावकाश काम करायचं. हेमचंद्रसारखंच, असं उन्मेष एकदा सगळ्यांसमोर म्हणाला होता. त्याने ते कौतुकाने म्हटलं होतं हे हेमचंद्रला कळत होतं, आणि कळत असूनही ते शब्द जिव्हारी लागले होते.

दोन्हींतलं कुठलं बाजारात आणायचं हे ठरवायला २००३ साली, उन्हाळ्यात, कंपनीच्या मागच्या टेकडीवर चाचणी झाली. गोदामासाठी टेकडी तासली होती, तिचा मुरूम सुटून खाली येत होता. त्या अंगावर साठ फूट लांबीची भिंत मारायची: डावी तीस फूट सी-अकरा घालून, उजवी तीस फूट उन्मेषचं औषध घालून. संचालक खुर्च्या टाकून बसले. उन्मेषची बाजू आधी मारली. काँक्रीट असं चिकटलं की संचालकांनी टाळ्या वाजवल्या. मग हेमचंद्रची बाजू सुरू झाली. पाच मिनिटं झाली असतील नसतील, भिंतीवरचा पोटाएवढ्या उंचीवरचा भाग हळूच फुगला आणि सबंध लगदा धप्पकन खाली पडला. एक शिंतोडा थोरल्या संचालकांच्या बुटावर गेला.

हेमचंद्रने त्यानंतर काय केलं? तो प्रयोगशाळेत जाऊन बसला. दार लावून घेतलं आणि दुपारभर तिथेच होता. ज्या माणसाने जन्मात कुठला पदार्थ न तोलता ठेवला नाही तो त्या दिवशी बाहेर आलाच नाही. दिवेलागणीला खिडकीतून डोकावून पाहिलं तर डावी बाजू पूर्ण मारून झालेली होती, सरळ आणि नीट. पण निकाल सकाळीच लागला होता. उन्मेषचं औषध टँकर भरभरून जाऊ लागलं, उन्मेष तांत्रिक संचालक झाला, बेलवलीला त्याने बंगला बांधला. हेमचंद्र निवृत्त होईपर्यंत इतरांचे नमुने तपासत राहिला.

भिंत मात्र उभी होती. पाहुणे आले की उन्मेष त्यांना ती दाखवायला नेई, आणि न चुकता सांगे, "ही डावी बाजू आमच्या कर्णिकांची. एक तडा दाखवा." पाहुणे माना डोलवत. हेमचंद्र मागे उभा राहून चष्मा पुशी. जिंकलेल्या माणसाला असं बोलणं परवडतं, असं त्याला वाटे.

आता कंपनी बंद पडून जागा विकली गेली होती. पुढच्या महिन्यात टेकडीसकट भिंत जाणार होती. उन्मेषचा फोन आला त्याच दुपारी हेमचंद्रच्या मनात आलं की भिंतीच्या पोटात काय आहे ते अजून कोणी पाहिलेलंच नाही. बावीस वर्षं काँक्रीटला पुरेशी आहेत. दोन्ही बाजूंचे तुकडे काढावेत, तपासावेत आणि सत्काराच्या दिवशी टेबलावर शेजारीशेजारी ठेवावेत. उन्मेषने खरं बोल म्हणून सांगितलंच आहे. एवढं एकदा सिद्ध झालं की आपलं आयुष्य नापास झालेलं नाही हे निदान शंभर लोकांना कळेल. त्यातही एकाला कळलं तरी बस. हा विचार वाईट आहे हे त्याला समजत होतं. रात्रीपर्यंत तो विचार जाईल अशी त्याने वाट पाहिली. तो गेला नाही.

काँक्रीटला भोक पाडणारं यंत्र भाड्याने मिळतं ते उल्हासनगरला. कॅम्प तीनमध्ये हितेश म्हणून एका सिंधी तरुणाचं दुकान होतं. एसीच्या नळीला, स्वयंपाकघराच्या चिमणीला भिंतीत गोल भोकं पाडून देणं हा त्याचा धंदा. हेमचंद्रने त्याला समजावून सांगितलं की भोक नको आहे, आतून निघणारं नळकांडं हवं आहे. हितेशने दोनदा विचारून खात्री केली.

"अंकल, मी आजपर्यंत होल विकले," तो म्हणाला. "होलमधून निघालेला माल मागणारे तुम्ही फर्स्ट कस्टमर."

तरीपण आला. यंत्र घेऊन स्वतः आला. आणि जागेवर राखणदार म्हणून भेटला तो भगवंत. तो मूळचा तिथलाच. वसाहत यायच्या आधी त्याच्या बापाची भातशेती त्याच टेकडीच्या पायथ्याशी होती. शेती गेली, भगवंत कंपनीत लागला, आणि काँक्रीटची नळी धरण्यात त्याच्याइतका तयार हात त्या पट्ट्यात दुसरा नव्हता. भिंत त्यानेच मारली होती. त्याआधी एकदा उन्मेषचं औषध त्याच्या डोळ्यांत उडालं होतं, तेव्हा हेमचंद्रने त्याचं डोकं नळाखाली धरून अर्धा तास डोळे धुतले होते आणि दुसऱ्या दिवशी वर भांडून सगळ्यांसाठी चष्मे मागवून घेतले होते. आयुष्यात हेमचंद्र वरच्यांशी भांडला तो तेवढा एकदाच.

भगवंतला भेटून आनंद झालेला दिसला, पण यंत्र पाहिल्यावर तो भिंतीपुढे जाऊन उभा राहिला. कशाला फोडता, उभी हाय ती बरी हाय, असं दोनदा पुटपुटला. हेमचंद्रने लक्ष दिलं नाही. डाव्या बाजूचं नळकांडं निघायला पाऊण तास लागला, आणि हितेश पात्याचे दात तापले म्हणून यंत्राला शिव्या घालत होता. उजव्या बाजूचं पंधरा मिनिटांत निघालं. हेमचंद्रने दोन्ही वेळा खडूने नळकांड्यांवर लिहून ठेवल्या.

घरी तपासणीचं सामान म्हणजे मालिनीची नानकटाईची भट्टी आणि तिचाच पिठाचा वजनकाटा. तीन दिवस त्याने ती नळकांडी भट्टीत वाळवली, मग दोन दिवस बादलीत बुडवून ठेवली. मालिनी आधी हसली, मग चिडली.

"अहो, माझ्या भट्टीला सिमेंटचा वास येतोय," ती म्हणाली. "उन्मेषभाऊजींना कळलं ना, तर ते स्वतःची प्रयोगशाळा उघडून देतील तुम्हाला."

उन्मेषभाऊजींचं नाव तिच्या तोंडी सहज यायचं. मुलीच्या लग्नात मांडववाला पळाला तेव्हा उन्मेषनेच दुसरा आणला होता, हे ती विसरत नसे आणि हेमचंद्रही विसरू शकत नसे. त्याने वजनं वहीत लिहिली. डावं नळकांडं शंभर ग्रॅमला चार ग्रॅम पाणी प्यायलं होतं. उजवं जवळजवळ नऊ. मग त्याने दोन्ही छिन्नीने उभी फोडली आणि ताज्या फुटलेल्या अंगावर जुन्या बाटलीतल्या औषधाचे थेंब टाकले. फिनॉल्फ्थॅलीन, साधं पाण्यासारखं दिसतं, पण काँक्रीटमधला चुना अजून जिवंत असेल तर गुलाबी होतं. डावा तुकडा काठापासून काठापर्यंत जास्वंदीसारखा गुलाबी झाला. उजव्याचा बाहेरचा दीड इंच राखाडीच राहिला, आणि तिथे बोट दाबलं तर पीठ निघालं.

हेमचंद्र न्हाणीघरात गेला, दार लावलं आणि आरशात पाहून हसला. इतक्या वर्षांत आपलं हसू कसं दिसतं हे त्याने पाहिलं नव्हतं. त्याने मनात सगळा प्रसंग रंगवला: टेबल, दोन तुकडे, हातात ड्रॉपर, पुढच्या रांगेत उन्मेष. थेंब पडतो, रंग चढतो आणि उन्मेषच्या चेहऱ्यावरचं ते मोकळं, उदार हसू जागच्या जागी गोठतं. हा शेवटचा भाग त्याने चार-पाच वेळा रंगवला.

डाव्या तुकड्यात आडव्या तीन पुसट रेषा होत्या, थर बसल्यासारख्या. त्या त्याला दिसल्या होत्या. दुसऱ्या कोणाच्या नमुन्यात दिसल्या असत्या तर त्याने त्यावर पानभर लिहिलं असतं. आता त्याने त्यांच्यावरून बोट फिरवलं आणि तुकडा फडक्यात गुंडाळला.

राहिली होती एकच गोष्ट. चौतीस वर्षांच्या नोकरीत हेमचंद्रने एकही नमुना पत्रकाशिवाय स्वीकारला नव्हता. नमुना कुठला, कोणी काढला, त्यात काय घातलंय, आणि खाली दोन सह्या: एक काढणाऱ्याची, एक साक्षीदाराची. एक सही कमी असली की तो मोठ्या साहेबांचाही नमुना परत पाठवी. स्वतःच्या नमुन्यालाच पत्रक नसेल तर तो कोणत्या तोंडाने बोलणार? सत्काराच्या आदल्या दिवशी त्याने सुवाच्य अक्षरात दोन पत्रकं लिहिली, स्वतः सही केली आणि दुसऱ्या सहीसाठी तो बुवापाड्यात भगवंतच्या घरी गेला.

भगवंतने ओट्यावर चटई टाकली. त्याची बायको सखू अंगणात नळाखाली कपडे धूत होती, तिने पदर सावरून हातानेच राम राम केला. भगवंतने उजव्या बाजूच्या पत्रकावर सही केली. डावं पत्रक हातात घेऊन तो बराच वेळ वाचत बसला, मग पेनला टोपण लावून ते परत दिलं.

"डावी बाजू, सी-अकरा घालून, असं लिवलंय तुमी," तो म्हणाला. "यावर मी सही नाय करनार, सायेब."

"का?"

"त्यात तुमचं औषध नाय."

हेमचंद्रला आधी कळलंच नाही. भगवंतने मान खाली घालून सांगितलं ते असं. लगदा खाली पडला, हेमचंद्र आत निघून गेला, संचालक उठून जेवायला गेले. जाताना सांगून गेले की दुपारी डाव्या बाजूलाही उन्मेषचंच औषध मारून टाका, विषय संपवा. भगवंतच्या मनाला ते पटेना. ज्याने आपले डोळे वाचवले त्याची बाजू भिंतीवरून पुसायची, आणि तीही ज्याने डोळे जाळले त्याच औषधाने? पण सी-अकराचा लगदा पुन्हा पडला तर त्याची नोकरी जाणार. मग त्याने नळीच्या तोंडाजवळचा औषधाचा कॉक बंदच करून टाकला. कुठलंच औषध घातलं नाही. दोन बोटं जाडीचा थर मारायचा, थांबायचं, तो धरला की पुन्हा दोन बोटं. असे चार थर. अंधार पडेपर्यंत त्याने एकट्याने तीस फूट मारली. सी-अकराचं पिंप जवळजवळ भरलेलं होतं ते तसंच परत ठेवलं. दुसऱ्या दिवशी कोणी पिंप तोललं असतं तर सगळं उघडं पडलं असतं.

"तुमी तोलाल म्हनून मी घाबरून व्हतो," भगवंत म्हणाला. "तुमी तोललाच नाय."

चार थर, म्हणजे मध्ये तीन रेषा. हेमचंद्रला ते लगेच आठवलं. बावीस वर्षं जिला तो आपली बाजू म्हणत होता ती नुसत्या सिमेंट, वाळू, खडीची होती. ती टिकली ते तिच्यात कोणाचंच रसायन नव्हतं म्हणून. त्याच्या डोक्यात हे शांतपणे, एखाद्या अहवालाच्या परिच्छेदासारखं उतरलं. मग त्याने विचारलं, हे आणखी कोणाला माहीत आहे?

"गुप्ते सायबांना. ते जेवायला गेलेच नव्हते. बंद कॉक बघितला त्यांनी. मना वाटला, गेली नोकरी. त्यांनी असं ओठावर बोट ठेवलं," भगवंतने करून दाखवलं, "आन बाजूच्या दगडावर बसून राहिले सांजपर्यंत."

हे मात्र हेमचंद्रला सोसवेना. म्हणजे दर पाहुण्यापुढे उन्मेष म्हणायचा की ही बाजू आमच्या कर्णिकांची, ते माहीत असून म्हणायचा. एक शब्द बोलला असता तर हेमचंद्रची तीस फूटही उरली नसती. तो बोलला नाही. बावीस वर्षं त्याने ती बाजू मित्रासाठी सांभाळली. ज्या एकाच गोष्टीत आपण उन्मेषहून वरचढ आहोत असं हेमचंद्र स्वतःला सांगत आला होता, तो मनाचा सच्चेपणा, त्यातही उन्मेष पुढे निघाला होता. आणि याबद्दल त्याचे आभार मानावेत की त्याचा गळा धरावा हे हेमचंद्रला ठरवता येईना. त्याने पत्रकाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"म्हणजे सी-अकरा कुठे टिकलं असतं की नाही, हे आता कळायचं नाही," तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. पिंपं भंगारात गेली होती, वह्या कंपनीबरोबर गेल्या होत्या. जगात त्या औषधाचा एक थेंब उरला नव्हता.

भगवंतने मान खाजवली आणि अंगणाकडे बोट केलं. "त्यो पडलेला लगदा हाय की."

लगदा पडला होता तो खाली अंथरलेल्या प्लायवर. भगवंतने तो ओला असतानाच थापीने सारखा केला होता, आणि नंतर टेंपोत घालून घरी आणला होता. चांगला माल फुकट कशाला घालवायचा? अंगणात नळाखाली सखू ज्यावर चादर आपटत होती ती दोन हात लांब, काळपट, चकचकीत फरशी म्हणजे तोच लगदा होता. बावीस वर्षं तिने त्याच्यावर कपडे धुतले होते. रोज पाणी, रोज सोडा, रोज आपटणं. हेमचंद्रने प्रयोगशाळेत असली चाचणी मागितली असती तर त्याला वेड्यात काढलं असतं.

तो उठून जवळ गेला. पृष्ठभाग झिजून गुळगुळीत झाला होता, पण कुठे भेग नव्हती, खडी उघडी पडली नव्हती. पिशवीतून ड्रॉपर काढून त्याने एक थेंब टाकला. फरशी क्षणात गुलाबी झाली. पण दुसऱ्याच क्षणी त्याला कळलं की याला काही अर्थ नाही. साबणाच्या पाण्यानेही थेंब गुलाबीच होणार. शिवाय हा नमुना पडलेला, वर थापी फिरवलेला. याला कोण नमुना म्हणेल? दुसऱ्या कोणी आणला असता तर आपण पहिल्या मिनिटाला परत पाठवला असता. तो तिथेच उकिडवा बसून राहिला. ही फरशी काय आहे, तिचं काय मोल आहे आणि तिच्यात काय काय खोट आहे, हे न समजावता कळेल असा माणूस जगात एकच होता. त्याला ती दाखवायची तर भिंतीचं आपल्याला कळलंय हेही सांगावं लागणार होतं, आणि पिशवीतल्या तुकड्यांचंही.

रात्री त्याने भाषणाच्या कागदावर काही लिहिलं नाही. सकाळी सात वाजता फोन केला.

उन्मेष नऊ वाजता रिक्षाने बुवापाड्यात उतरला. घरी औक्षण उरकून आला होता. अंगात सत्काराचा रेशमी झब्बा, कपाळाला कुंकू. भगवंतच्या खांद्यावर हात ठेवून त्याने तब्येत विचारली, सखूवहिनींना वाकून नमस्कार केला. हेमचंद्रने त्याला ओट्यावर बसवून सगळं एका दमात सांगितलं, त्याच्याकडे न पाहता: नळकांडी, भट्टी, पत्रक, कॉक.

"मी ते तुकडे तुझ्या सत्काराला घेऊन येणार होतो," तो शेवटी म्हणाला. "लोकांपुढे."

"मग आण की. उजवा तर माझाच आहे." उन्मेषने पुढे विचारलं, "पाणी किती प्यायला?"

"नऊ."

"मला आठ वाटलं होतं," उन्मेष म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. हेमचंद्रने ज्या क्षणाची आरशापुढे इतकी वाट पाहिली होती तो क्षण हाच होता. तो ओट्यावरच, कपड्यांच्या बादलीशेजारी येऊन गेला, आणि त्यात हवी तशी गोडी लागली नाही.

भिंतीचं तू मला का सांगितलं नाहीस, हे हेमचंद्रने विचारलंच. उन्मेष म्हणाला, "सांगितलं असतं तर तू राजीनामा दिला असतास. मग माझ्या कामातल्या चुका कोणी काढल्या असत्या? बाकी सगळे मला घाबरायचे." त्याने हा विषय तिथेच सोडला आणि उठून तो फरशीजवळ गेला.

हेमचंद्रने ड्रॉपर काढायच्या आतच तो म्हणाला, "थेंब नको टाकू. साबणाने गुलाबी होणारच."

तीच जुनी कळ उठली. आपल्याला थेंब टाकल्यावर सुचलं, याला आधीच. हेमचंद्रने ड्रॉपर खिशात ठेवला.

"कोपरा फोडून बघू," उन्मेष म्हणाला. "आत साबण शिरलाय का ते कळेल. शिरला असेल तर औषध कच्चं. नसेल तर…" त्याने वाक्य पुरं केलं नाही. पण तो हेमचंद्रकडे ज्या नजरेने पाहत होता तिच्यात उत्सुकता होती, आणि थोडी भीतीही. ती भीती हेमचंद्रने लगेच ओळखली. ती त्याच्या घरचीच होती.

सखूला विचारावं लागलं. तिने साफ नाही म्हटलं, मग भगवंतने समजूत घातल्यावर नळाकडचा एक कोपरा दिला. त्यात तिच्या साड्या अडकून फाटायच्या. भगवंतने हातोडा आणून दिला. हेमचंद्रने चष्मा वर सरकवला आणि पहिला घाव घातला. हातोडा उसळून परत आला. दुसरा घातला, तिसरा घातला. काँक्रीट आतून पोकळ झालं की आवाज बद्द येतो. हा आवाज देवळातल्या घंटेसारखा खणखणीत होता, आणि घावागणिक त्याच्या कोपरापर्यंत झिणझिण्या येत होत्या. चौथ्या घावाला त्याने हातोडा उन्मेषच्या हातात दिला.

"तू मार."

उन्मेषने झब्ब्याच्या बाह्या वर केल्या. हेमचंद्र बाजूला उभा राहून मोजत होता. एक. दोन. पाचव्या घावाला उन्मेषच्या कपाळावरचं कुंकू घामाने नाकावर उतरलं, सहाव्याला झब्ब्यावर साबणाचं पाणी उडालं. आठव्याला त्याला धाप लागली आणि तो उकिडवा बसला. कोपऱ्यावर हातोड्याचे पांढरे ठिपके उमटले होते, बाकी काही नाही. भगवंत पुढे होऊ लागला तसं हेमचंद्रने त्याला हाताने थांबवलं. उजव्या तुकड्याने प्यायलेल्या नऊ ग्रॅमांइतके, नऊ घाव घालायची उन्मेषला संधी द्यायची होती.

उन्मेषने नववा घातला. मग हातोडा खाली ठेवून तळहात फरशीवर टेकला.

"पत्रक आणलंयस का?" त्याने विचारलं.

हेमचंद्रच्या पिशवीत कोरं पत्रक होतं. नमुना न फुटल्यामुळे तपासणी झाली नाही, असं त्याने स्वच्छ अक्षरात लिहिलं, कारण खरं तेवढंच होतं, आणि खाली सही केली. साक्षीदाराच्या रेघेवर उन्मेषने ओल्या हाताने सही केली, ती थोडी फराटली.

सखू बादली घेऊन उभीच होती. "झालं का तुमचं?" ती म्हणाली. "माजी कपडी राहिल्यात."

दोघं फरशीवरून बाजूला झाले.